पेशीचा उंबरठा

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ कधी घालायचं, हे इथे बसलेल्या निम्म्या लोकांना तरी माहीत असेल. पानं वाढायला घेतली की मगच. आधी घातलं तर अर्ध्या तासात भांड्याच्या तळाशी पाणी जमतं आणि काकडी लिबलिबीत होते. कोशिंबिरीला पाणी सुटलं, म्हणतो आपण. हे पाणी मिठाने कुठून आणलं नाही, ते काकडीतच होतं. मग मीठ पडेपर्यंत ते आत कशाने थांबलं होतं? काकडी तर चोचवून झालेली, सुरी शंभरदा फिरलेली. तरी बहुतेक पाणी जागचं हललं नव्हतं. आज मला मुख्यतः या एकाच प्रश्नावर बोलायचं आहे.

पत्रिकेत विषय ‘सजीव पेशीची रचना व कार्य’ असा छापलाय. तो वाचून पुष्कळांना शाळेच्या वहीतली आकृती आठवली असेल. मधोमध केंद्रक, भोवती शेंगदाण्यासारख्या तंतुकणिका, नावांना पट्टीने ओढलेल्या रेघा. तंतुकणिका म्हणजे ऊर्जाकेंद्र, लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या, ही उत्तरं झोपेतून उठवलं तरी येतात. मी स्वतः ही आकृती कितीतरी वर्षं फळ्यावर काढली, तिच्यावर गुण दिले आणि कापलेही. ती चुकीची नाही. पण मुलं त्यातली सगळ्यात बाहेरची रेघ एका झटक्यात काढतात आणि विसरून जातात. माझ्या मते पेशीचं अर्धं गुपित त्या रेघेत आहे.

पेशीला इंग्रजीत ‘सेल’, म्हणजे खोली, हे नाव रॉबर्ट हूकने 1665 साली दिलं. बुचाचा पातळ काप त्याने सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्याला ओळीने रिकाम्या खोल्या दिसल्या. बूच म्हणजे झाडाची मेलेली साल. ओस पडलेल्या वाड्यात शिरावं तसं झालं. भिंती होत्या, राहणारं कोणी उरलं नव्हतं. एरवी वनस्पतींच्या पेशीभिंती मुख्यतः सेल्युलोजच्या. वनस्पतींना त्या ताठपणा देतात, पण पाणी आणि मीठ त्यांच्यातून खुशाल ये-जा करतात. आतला रस आत आणि मीठ बाहेर ठेवतं ते भिंतीला आतून चिकटलेलं नाजूक पटल. प्रद्रव्यपटल म्हणतात त्याला. हूकला ते दिसणं शक्य नव्हतं.

तुम्हाला मात्र दिसेल. लाल कांद्याच्या पाकळीचा बाहेरच्या बाजूचा रंगीत पापुद्रा काढा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा आणि शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकातून बघा. विटा रचल्यासारख्या पेशी दिसतील, जांभळ्या रसाने काठोकाठ भरलेल्या. आता एका कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेला टीपकागद लावून तो आत ओढून घ्या. थोडा वेळ काहीच होत नाही. मग जांभळा रंग कोपऱ्यांतून मागे सरायला लागतो. भिंत जागच्या जागी, आणि आतला रंगीत गोळा आक्रसत मधोमध येतो. त्या गोळ्याची कड म्हणजे आपलं पटल. पाणी बाहेर गेलं, रंग मात्र एक थेंबही गेला नाही. लगेच साधं पाणी सोडलंत तर गोळा पुन्हा फुगून भिंतीला टेकतो. हेच परासरण: पटलातून पाणी जातं, मीठ जात नाही, म्हणून जिकडे विरघळलेलं जास्त तिकडे पाणी ओढलं जातं.

तोच पापुद्रा आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढा. रंग ओघळून जातो, आणि मग कितीही मीठ घाला, काही आक्रसत नाही. बिटाचंही तसंच. चिरलेल्या कच्च्या फोडी नीट धुऊन गार पाण्यात ठेवल्या तर पाणी फारसं रंगत नाही. गरम पाण्यात टाकल्या की क्षणात लालभडक. पेशीतली सगळी द्रव्यं तिथेच आहेत, पण आत आणि बाहेर यांतला भेद उरला नाही. जिवंत आणि मेलेल्यातला फरक मला तरी यापेक्षा सोपा करून सांगता येत नाही.

हे पटल असतं केवढं जाड? सात-आठ नॅनोमीटर. सव्वा लाखाच्या आसपास पटलं एकावर एक रचलीत तर एक मिलिमीटर होईल. ते स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचं असतं, हे 1925 साली हॉलंडमध्ये खोर्टर आणि ग्रेंडेल यांनी ओळखलं. त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी घेतल्या, त्यांतली चरबी अॅसिटोनने काढली आणि पाण्यावर तिचा एकपदरी तवंग पसरला. तवंगाचं क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं, म्हणजे पटल दुपदरी. गंमत अशी की अॅसिटोनने सगळी चरबी निघालीच नव्हती, आणि पेशींचं क्षेत्रफळही त्यांनी कमी धरलं होतं. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं आणि उत्तर बरोबर आलं! परीक्षेत कोणी असं केलं असतं तर मी पायऱ्यांचे गुण कापले असते.

या रेणूंचं डोकं पाण्याला धार्जिणं, शेपट्यांचं मात्र पाण्याशी वाकडं. त्यामुळे पाण्यात सोडले की ते आपणहून शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून दुपदरी उभे राहतात. पण नुसत्या तेलकट पदरातून मीठ जात नाही, साखर जात नाही, पाणीही रेंगाळत जातं. म्हणून पटलात ठिकठिकाणी प्रथिनांची दारं बसवलेली असतात. पाण्याचं दार वेगळं. ते तांबड्या पेशींतच सापडलं आणि त्यासाठी पीटर अॅग्रे यांना 2003 चं नोबेल मिळालं.

काही दारं मात्र नुसती उघडत नाहीत, ती राबतात. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करून 1957 साली असा एक पंप दाखवून दिला. प्रत्येक खेपेला तो सोडियमचे तीन आयन बाहेर टाकतो, पोटॅशियमचे दोन आत घेतो आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणू खर्च करतो. आपल्या पेशीत पोटॅशियम बाहेरच्या जवळपास तीसपट असतं आणि सोडियम बाहेरच्या जेमतेम दशांश. हा भेद टिकवायला पंप रात्रंदिवस चालावा लागतो. तुम्ही आत्ता निवांत बसलाय असं तुम्हाला वाटतंय, पण सकाळच्या पोह्यांतला बराच भाग या उपशावर खर्च होतोय.

आता वहीतली आकृती पुन्हा उघडा. पंपाला लागणारं एटीपी बहुतांशी तंतुकणिकांतून येतं. पंपाचं प्रथिन कसं बांधायचं याची कृती केंद्रकातल्या डीएनएत. ती वाचून बांधणारे रायबोझोम, घडी घालणारी आंतर्द्रव्यजालिका, पत्ता लावून रवाना करणारं गॉल्गी पिंड. सगळी ओळख अशी एका दमात उरकतो, कारण मला तांबड्या पेशीकडे यायचं आहे.

ती विलक्षण पेशी. घडताना ती केंद्रक बाहेर टाकून देते, तंतुकणिकाही काढून टाकते आणि आत हिमोग्लोबिन ठासून भरते. ग्लुकोज प्राणवायूशिवायच मोडून जी थोडकी ऊर्जा मिळते, तिच्यावर पंप चालवते. दार मोडलं तर नवं बांधायची सोय नाही. अशी ती साधारण 120 दिवस जगते. रक्तपेढीत तिला गारठ्यात ठेवतात. तिथे पंप मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू पिशवीत झिरपत राहतं. तान्ह्या बाळाचं रक्त बदलायचं असेल तर डॉक्टर ताजी पिशवी मागतात, त्याचं हे एक मोठं कारण. आणि सलाइनच्या बाटलीत शंभर मिलिलिटरला 0.9 ग्रॅम मीठ का, तर साधं पाणी शिरेत सोडलं तर या पेशी फुगून फुटतील.

दारांची खरी करामत दिसते ती पटकीत, म्हणजे कॉलऱ्यात. 1959 साली कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी दाखवलं की पटकीचे जंतू एक विष सोडतात. हे विष आतड्याच्या पेशींतलं क्लोराइडचं दार उघडंच ठेवायला लावतं. क्लोराइडमागून सोडियम, सोडियममागून पाणी, असं दिवसाला कित्येक लिटर वाहून जातं. पण त्याच पेशीत आणखी एक दार आहे, ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनेच आत घेणारं. एकटाच आला तर उघडत नाही. ग्लुकोजच्या एका रेणूसोबत सोडियमचे दोन आयन हवेत. विषाचा या दाराला धक्का लागत नाही. आणि जोडी आत गेली की पाणीही मागोमाग जातं.

1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली. सलाइनच्या बाटल्या पुरेनात. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या करवून घेतल्या, पाण्यात कालवून पिंपांत भरल्या आणि नातेवाइकांनाच पेल्याने पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं 2023 मध्ये, मरणोत्तर.

व्याख्यान संपल्यावर दरवेळी कोणीतरी विचारतं, म्हणून आधीच सांगून टाकतो. घरी जलसंजीवनी, म्हणजे हेच मीठ-साखरेचं पाणी, करायची तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: पोरगं पीत नाही, चवीला दोन चमचे साखर जास्त घातली तर? नका घालू. आतड्यात पाणी प्रमाणाबाहेर गोड झालं की दाराला तेवढी साखर आत घेणं झेपत नाही. उरलेली साखर उलट शरीरातलंच पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. कोशिंबिरीला पाणी सुटतं ना, तसंच. 2002 साली जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या पुडीतलं ग्लुकोज आणि मीठ, दोन्ही कमी केलं.