माउली कोणाला म्हणायचं?

(दृश्य : वांद्रे, सप्टेंबरमधली सकाळ. माउंट मेरी चर्चच्या पायऱ्यांजवळचे मेणबत्त्यांचे ठेले.)

पाय दुखतो? मग मेणाचा पाय घ्या. छातीत कळ येत असेल तर मेणाचं काळीज आहे. मूल हवं असलेल्यांसाठी मेणाचं बाळ, भाड्याच्या खोलीला कंटाळलेल्यांसाठी मेणाचं घर, आणि परदेशी जायचंय त्यांच्यासाठी चक्क मेणाचं विमान.

८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारी वांद्र्याची जत्रा सुरू होते आणि आठवडाभर ही टेकडी माणसांनी भरून जाते. त्यांत ख्रिस्ती असतात तसे हिंदू असतात, पारशी, मुसलमानही असतात. तिला हाक मारतात ती ‘मोत माउली’ अशी. मोत म्हणजे काहींच्या मते मोती, काहींच्या मते माउंट, टेकडी. माउली म्हणजे काय, ते मराठी माणसाला सांगायला नको.

हे चर्च कॅथलिकांचं. याच मुंबईत अशीही ख्रिस्ती घरं आहेत, प्रोटेस्टंट पंथाची, जिथं कुणी आजारी पडलं की मंडळीचे, म्हणजे त्यांच्या चर्चचे, पाळक येतात, शेजारी जमतात, बिछान्याभोवती उभं राहून प्रार्थना होते. पण मेणाचा पाय घेऊन वांद्र्याला जायचं कुणाच्या मनातही येत नाही. येशू तोच आहे, आणि मरिया त्याची आई, हेही दोघांना मान्य. मग या पायऱ्या चढायला अडचण कसली?

(दृश्य : झुरिक. नदीकाठची जुनी चर्चं.)

सन १५२३, सप्टेंबर. झुरिकच्या वेशीबाहेर, श्टाडेलहोफेनला, एक मोठा लाकडी क्रूस उभा होता. क्लाउस होटिंगर नावाच्या चांभारानं तो साथीदारांना घेऊन पाडला. त्याचं म्हणणं, हे लाकूड विकू आणि पैसे गरिबांना देऊ. शहरानं त्याला पकडलं, मग हद्दपार केलं. पुढच्या मार्चमध्ये कॅथलिक लुत्सर्नमध्ये त्याचं डोकं उडवलं गेलं.

त्यानंतर तीनच महिन्यांत, १५ जून १५२४ रोजी, होटिंगरला शिक्षा देणाऱ्या झुरिकच्याच नगरसभेनं ठराव केला, की चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं काढायची. ज्या घराण्यांनी मूर्ती दिल्या होत्या त्यांना त्या परत न्यायची मुभा होती. मग गवंडी, सुतार, लोहार असे कारागीर आत गेले, सोबत झुरिकमधल्या धर्मसुधारणेचा पुढारी हुल्द्रिख झ्विंग्ली आणि आणखी दोन धर्मगुरू. दारं आतून बंद. जवळपास दोन आठवडे काम चाललं. पुतळे उतरवले, फोडले, लाकडी होते ते जाळले. भिंतींवरची चित्रं खरवडली आणि वर चुना फासला. झ्विंग्लीला त्या पांढऱ्याशुभ्र भिंती फार आवडल्या.

हे निव्वळ तोडफोडीचं वेड होतं असं म्हणून चालणार नाही. झ्विंग्लीचा मुद्दा साधा होता. देवाची खरी प्रतिमा म्हणजे जिवंत माणूस. तो उपाशी असताना तुम्ही लाकडाला सोन्याचा मुलामा देता. मूर्तिपूजेवरची ही टीका आपल्याला नवी नाही. आपल्याकडे ती कीर्तनातही ऐकू येते.

पण सगळेच प्रोटेस्टंट त्या दारामागे गेले नाहीत. ज्याच्यापासून प्रोटेस्टंट चळवळ सुरू झाली त्या जर्मन मार्टिन ल्यूथरचंच बघा. १५०५ साली, वादळात वीज जवळ कोसळली तेव्हा त्यानं धावा केला तो संत ॲनाचा, म्हणजे मरियेच्या आईचा. ‘वाचव, मी संन्यासी होईन.’ पुढं संतांचा धावा त्यानं मोडीत काढला, पण बायबलमध्ये मरियेच्या तोंडी असलेल्या स्तोत्रावर १५२१ मध्ये अतिशय प्रेमानं भाष्य लिहिलं. आणि त्याच्या विटेनबर्ग गावात मूर्ती फुटू लागल्या, तेव्हा तो लपलेल्या जागेतून परत आला तो लोकांना आवरायला.

हे मतभेद पार बायबलमधल्या दहा आज्ञांच्या मोजणीपर्यंत पोचले आहेत. झ्विंग्लीच्या वाटेनं गेलेल्या घरातल्या मुलाला दुसरी आज्ञा विचारा. तो म्हणेल, कोरीव मूर्ती करू नको. कॅथलिक मुलाला विचारा. तो म्हणेल, देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको. मूर्तीची आज्ञा त्याच्याकडे पहिलीतच येते, आणि शेवटची, लोभाची, दोन होते. बेरीज दोघांचीही दहाच. गंमत म्हणजे ल्यूथरची माणसं या बाबतीत कॅथलिकांसारखंच मोजतात.

(दृश्य : मेणबत्त्यांची रांग. हलणारे ओठ.)

कॅथलिकांचं उत्तर झुरिकपेक्षा बरंच जुनं आहे. ७८७ साली निकाया इथल्या धर्मपरिषदेनं सांगितलं होतं, की आराधना एकट्या देवाची. मूर्तीला करायचं ते वंदन, आणि ते वंदन ज्याची मूर्ती त्याला पोचतं. १५६३ च्या डिसेंबरात ट्रेंट इथल्या कॅथलिक धर्मपरिषदेनं हेच पुन्हा बजावलं. त्याच ठरावात अंधश्रद्धा आणि संतांच्या नावावरची कमाई बंद करा, असंही लिहून ठेवलं. म्हणजे घरात काय चाललंय याची त्यांना कल्पना होती.

जपमाळेतली प्रार्थना नीट ऐका. मरियेला म्हणतात, आम्हा पाप्यांसाठी विनंती कर. ‘दे’ म्हणत नाहीत. सगळा बचाव या एका क्रियापदावर उभा आहे.

प्रोटेस्टंट बायबलमधलं तिमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र उघडतो, दुसरा अध्याय, पाचवं वचन : देव आणि माणसं यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू. कॅथलिक विचारतो, शेजाऱ्याला म्हणतोस ना, माझ्यासाठी प्रार्थना कर म्हणून? मग तो मध्यस्थ नाही का झाला? प्रोटेस्टंट म्हणतो, शेजारी जिवंत आहे, त्याला ऐकू जातं.

खरी गाठ इथं आहे. लाकूड, मेण, चुना हे सगळं वरवरचं. मेलेल्यांना आपलं ऐकू येतं का? कॅथलिक म्हणतो, ते देवापाशी आहेत, म्हणजे आपल्याहून जास्त जिवंत. यावर दोघांचं एकमत व्हायची चिन्हं मला तरी दिसत नाहीत. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर, आजारी लेकरासाठी पायरी चढणारी बाई ‘दे’ म्हणते की ‘विनंती कर’ म्हणते, हे ट्रेंटलाही तपासता आलं नसतं.

(दृश्य : गोवा. मांडवीचं पात्र.)

१५७९ साली गोव्यात एक इंग्रज उतरला. त्याच्या देशात तोवर संतांच्या मूर्ती चर्चमधून गेल्या होत्या आणि त्याचा कॅथलिक धर्म सरकारदरबारी गुन्हा ठरत होता. जेझुइट, म्हणजे कॅथलिकांच्या एका संघाचा धर्मगुरू, होऊन तो इकडं आला, मराठी शिकला, आणि १६१६ मध्ये त्याचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापलं गेलं. फादर स्टीफन्स. युरोपातल्या भांडणानं मराठीला दिलेला हा माणूस.

दुसरा माणूस आपल्याच मातीतला. नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढं अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये, म्हणजे पक्क्या प्रोटेस्टंट गोटात, ते वावरले. त्या गोटात संतांचा धावा नाही. पण टिळक स्वतः म्हणत, की तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. पुलाला मध्यस्थ म्हणायचं का, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

टिळकांनी ख्रिस्ताला अभंगांतून हाक मारली. इंग्रजी चालींवर बेतलेल्या गीतांतल्या ‘राजा’, ‘प्रभू’वर त्यांचं भागेना. आळंदीच्या वाटेवर, वांद्र्याच्या टेकडीवर जो शब्द तोंडात येतो, तोच त्यांनी उचलला. फक्त तो मरियेला दिला नाही, कुठल्या संताला दिला नाही. थेट येशूला दिला.

(दृश्य : मराठी मंडळीची रविवारची उपासना.)

इथं भिंती पांढऱ्या आहेत. समोर क्रूस आहे, पण नुसता. त्यावर येशूची मूर्ती नाही. मेणबत्त्यांची रांग नाही. पुढच्या बाकावरच्या आजीनं चष्मा न लावताच पुस्तक उघडलंय, कारण गीत पाठ आहे. पेटीवाला सूर देतो, तबला जुळतो, आणि मंडळी डोळे मिटून माउलीला हाक मारते.