लंगोट निवडण्याआधी वाळत घालायची दोरी पाहावी

होऊ घातलेल्या आईबाबांनो आणि त्यांच्याबरोबर आवर्जून आलेल्या आजी-आजोबांनो,

बाळासाठी कापडी लंगोट कोणता घ्यावा, हा प्रश्न बाळंतपणाच्या महिना-दोन महिने आधी मला हमखास विचारला जातो, आणि विचारणाऱ्यांच्या मोबाइलवर तोवर रंगीबेरंगी नॅप्यांची चित्रे तयारच असतात. कोणती नॅपी जास्त ओल शोषते, याचा अभ्यासही झालेला असतो. मी मात्र उलट विचारते: तुमच्या घरी कपडे कुठे वाळतात, बाळ कोणत्या महिन्यात येणार आहे, आणि धुण्याचे काम कोणाच्या अंगावर पडणार आहे? चार धुण्यांनंतर कोणतेही सुती कापड ओल शोषतेच. अडते ते वाळण्यापाशी.

आधी गरज किती ते पाहू. पहिले दोन-तीन दिवस बाळाला काळपट हिरवी, अतिशय चिकट शी होते. ती निघता निघत नाही, म्हणून त्या दिवसांसाठी जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे स्वच्छ धुतलेले तुकडेच बरे. खराब झाले तर टाकून देता येतात. आठवडा संपत येतो तसे अंगावर पोटभर पिणारे बाळ चोवीस तासांत निदान सहा वेळा शू करते, शिवाय शी वेगळी. म्हणजे दिवसाला दहा-बारा लंगोट धरून चाला. रोज धुऊन त्याच दिवशी वाळत असतील तर दोन डझनांत भागते. जुलैमध्ये मुंबईत किंवा रत्नागिरीत वाळायला दोन दिवस लागत असतील तर तीन डझनही पुरतील की नाही, अशी स्थिती येते. एक फायदा येथेच सांगते. कापडी लंगोट ओला झाला की लगेच कळतो, त्यामुळे दिवसभरात किती ओले झाले हे मोजून बाळाला दूध पुरते आहे की नाही याचा अंदाज येतो. बाजारातल्या डायपरमध्ये ओल धरून ठेवणारी भुकटी असते, त्यामुळे थोडी शू झाली तर हाताला लागतही नाही.

आता प्रकारांकडे येऊ. आपला त्रिकोणी, नाड्यांचा लंगोट आणि चौकोनी मलमलचा तुकडा हे दोन्ही पातळ असतात. चौकोनाला घडी घालून हवी तेवढी जाडी आणता येते आणि धुतल्यावर ती घडी उलगडून टाकता येते. माझ्या मते नवजात बाळासाठी याहून शहाणी वस्तू अजून कोणी शिवलेली नाही. याउलट ज्या नॅपीत शोषणारे थर आणि बाहेरचे जलरोधक अस्तर एकत्र शिवलेले असते ती वापरायला सर्वांत सोपी आणि वाळायला सर्वांत हट्टी. वरून कोरडी लागते, पण शिवणीजवळ चिमटीत धरून पाहिले की आतला गारवा जाणवतो. मधला मार्ग म्हणजे खिशाची नॅपी किंवा वेगळे आवरण: आतली पट्टी निराळी काढून वाळवता येते. ती पट्टी मायक्रोफायबरची, म्हणजे अतिशय बारीक कृत्रिम धाग्याची, असेल तर तिचा त्वचेशी थेट स्पर्श होऊ देऊ नये, कारण ती त्वचेचा ओलावाही ओढून घेते. सुती किंवा बांबूच्या धाग्याची पट्टी अंगाला चालते, मात्र बांबूची वाळायला वेळ घेते.

मापाच्या बाबतीत एवढे पाहावे की नाळ पडेपर्यंत, म्हणजे साधारण एक ते तीन आठवडे, लंगोटाची वरची कड बेंबीच्या खाली दुमडलेली असावी आणि नाडीची गाठ पोटावर आवळलेली नसावी. दोन बोटे सहज आत गेली पाहिजेत. बाळाचे पाय गुडघ्यात वाकून बाजूला पसरलेले राहणे खुब्यांसाठी चांगले असते. पाय सरळ करून दुपट्यात घट्ट बांधण्याची आपल्याकडची सवय मात्र सोडायला हवी, न्हाऊ घालणाऱ्या मावशींनी कितीही आग्रह केला तरी.

धुण्याविषयी घरोघरी वाद असतात. नव्या कापडाची खळ निघेपर्यंत ते तीन-चार वेळा धुवावे, नाहीतर शू कापडावरून ओघळून जाते. साबण बेताचा आणि खळबळणे भरपूर. राहिलेला साबण आणि जंतुनाशकाचे पाणी हीदेखील पुरळाची कारणे असतात. कपडे मऊ करणारे द्रव वापरू नयेत, त्यांचा थर धाग्यावर बसतो आणि शोषण कमी होते. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या शीचा पिवळा डाग उन्हात फिका पडतो, कारण त्यातले बिलिरुबिन नावाचे पिवळे रंगद्रव्य प्रकाशाने मोडते. कावीळ झालेल्या बाळाला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात, त्यामागेही हेच आहे. ऊन नसेल तेव्हा पंख्याखाली वाळवून उरलेला दमटपणा इस्त्रीने काढावा, पण जलरोधक आवरणाला इस्त्री लावू नये. बाळंतिणीच्या बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून तिच्यावर टोपली उपडी घालून लंगोट वाळवण्याची पद्धत काही घरांत अजून आहे. त्या खोलीत विषारी वायू साठतो, म्हणून ही पद्धत पूर्णपणे सोडून द्यावी.

पर्यावरणासाठी कापड, असेही बरेच जण म्हणतात. ब्रिटनमध्ये 2008 साली प्रसिद्ध झालेल्या सरकारी अभ्यासात अडीच वर्षांच्या वापराचा कार्बन भार, म्हणजे त्यापायी हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंचा हिशेब, डायपरसाठी सुमारे 550 किलो आणि कापडी नॅप्यांसाठी सरासरी 570 किलो निघाला होता, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. पण यंत्र पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि त्याच नॅप्या दुसऱ्या बाळालाही वापरल्या, तर कापडाचा भार 40 टक्क्यांनी उतरत होता. विजेच्या यंत्रात वाळवले तर तो वाढत होता. आपल्या दोरीची किंमत अशी इतरांच्या हिशेबातूनही कळते.

कापड वापरले म्हणून पुरळ टळत नाही. शी-शू झाल्यावर किती लवकर बदलता, यावर ते ठरते. टाल्कम पावडर लावू नये, ती श्वासात जाते. लाली जांघेच्या घडीत शिरून आजूबाजूला लहान लाल ठिपके दिसू लागले तर बुरशीची शक्यता असते, तेव्हा घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवावे. रात्री किंवा प्रवासात डायपर वापरला तर अपराधी वाटण्याचे कारण नाही. बाळंतिणीची झोपही औषधच आहे. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून, वेगळा ओळखू येईल अशा रीतीने कचरा नेणाऱ्यांच्या हाती द्यावा.

खरेदी मात्र घाईने करू नये. ‘एकच माप सर्व वयांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या नॅप्या अडीच-तीन किलोच्या बाळाच्या मांड्यांशी सैल राहतात आणि गळतात, म्हणून त्या दोन-तीनच घ्याव्यात आणि बाकीच्या बाळ चार-पाच किलोंचे झाल्यावर, बसतात का ते पाहून घ्याव्यात. बाळंतविड्यात काय आणू, असे आत्या-मावशीने विचारलेच तर झबली-टोपडी पुरे झाली म्हणावे आणि दहा मीटर मलमल सांगावी. बाळ पावसाळ्यातले असेल तर जोडीला कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड.