माशाचं पोट आणि पाण्याचे दोन थर

श्रोतेहो, राम राम.

हतनूर धरणातला रोहू किंवा कटला ऐन मे महिन्यात भुसावळच्या बाजारात येतो, तेव्हा जाणतं गिऱ्हाईक त्याचं पोट दाबून बघतं. मऊ लागलं की पुढे सरकतं. पोटच आधी का बिघडतं? मासा मेला तरी आतड्यातली पाचक विकरं, म्हणजे एन्झाइम, कामावरच असतात. दुसरं काही मिळालं नाही, की ती पोटाची भिंतच पचवायला घेतात.

मासा साफ करणारी बाई हीच आतडी खवल्यांबरोबर डब्यात टाकते. त्यात प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन असतं, चरबी तोडणारं लायपेज असतं. जठरात तयार होणारं पेप्सिन मात्र शोधू नका. रोहू-कटल्याला जठरच नसतं! ट्रिप्सिन कातडी कमावताना लागतं, प्रयोगशाळेत पेशी सुट्या करायलाही लागतं.

ते काढायचं कसं? आतडी बर्फावर ठेवून बारीक करायची, गार ॲसिटोननं चरबी काढायची आणि किंचित अल्कधर्मी द्रावणात अर्क उतरवायचा. गंमत पुढे आहे. या अर्कात पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पाण्यात विरघळणारा लांब साखळीचा पदार्थ, आणि अमोनियम सल्फेटसारखा क्षार पुरेशा प्रमाणात मिसळला, की पाण्याचेच दोन थर पडतात. वर ग्लायकॉलचा, खाली क्षाराचा. दोन्हींत बहुतांश पाणीच, त्यामुळे नाजूक एन्झाइमला धक्का लागत नाही. जिलेटिन आणि अगर (समुद्री शेवाळातला घट्ट होणारा पदार्थ) यांच्या द्रावणात असे थर डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायरिंक यांनी 1896 मध्येच पाहिले होते. जैविक पदार्थ वेगळे करायला त्यांचा उपयोग स्वीडनच्या आल्बर्टसन यांनी 1950 च्या दशकात करून दाखवला.

ट्रिप्सिन कुठल्या थरात जाईल, हे द्रावणाचा सामू, म्हणजे पीएच, क्षाराची जात आणि ग्लायकॉलच्या साखळीची लांबी यांवर ठरतं. ते वर चढलं आणि नको ती प्रथिनं खाली राहिली, की अर्धी लढाई जिंकली. मग वरचा थर काढून घ्यायचा, त्याला ताज्या क्षाराचं पाणी द्यायचं, सामू बदलायचा, आणि ट्रिप्सिन खाली उतरवायचं. ग्लायकॉल पुन्हा वापरता येतं.

मला विचाराल, तर आपल्याकडे अडचण रसायनांची नाही, बर्फाची आहे. ट्रिप्सिन स्वतःलाही पचवतं. कॅल्शियम घातलं तर थोडं तग धरतं, पण 45 अंशांच्या उन्हात दुपारभर पडलेला डबा संध्याकाळी उचलून हाती काय लागणार? आतडी कापल्या जागीच बर्फात जायला हवीत.

आणि उरलेलं खारं पाणी तापीत सोडायचं नाही. सल्फेटऐवजी सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार, वापरलं तर निदान जिवाणू ते खाऊन संपवतात. कुणी असा प्रकल्प काढायचं म्हटलंच, तर बर्फाचा आणि या पाण्याचा खर्च यंत्रांच्या आधी मांडावा.