सुई हातात घेण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. बारशाला कान टोचायला सोनार घरी येतो, तेव्हा त्याला फारसं बोलावं लागत नाही. आजी बाळाला घट्ट धरते, तार आरपार जाते, बाळ टाहो फोडतं, बाकीचे पेढे खातात. पिअर्सिंगच्या स्टुडिओत मात्र गिऱ्हाईक स्वतःच्या पायांनी येतं आणि प्रश्न विचारतं. हा धंदा करणाऱ्यांशी आज थोडं बोलायचंय.

पहिला प्रश्न ठरलेला. "दुखेल का हो?" यावर "छे, मुंगी चावल्यासारखं" म्हणू नका. कानाच्या पाळीपुरतं ते खपून जाईल, वरच्या कडक भागाला नाही. "टोचताना कळ येईल, पटकन जाईल, मग रात्रीपर्यंत ठणकेल," असं सरळ सांगा. पाळी सहा ते आठ आठवड्यांत भरते, वरच्या भागाला सहा महिने, कधी वर्षही लागतं. हेही पैसे घेण्याआधीच. लग्न दहा दिवसांवर आलेली मुलगी नथीसाठी नाक टोचून मागते, तिला "दाबाची नथ घाल, नाक लग्नानंतर निवांत टोचू" म्हणावं. त्या दिवसाचं गिऱ्हाईक जातं, जाऊ द्या.

खरी कसोटी लागते ती कान सुजवून परत आलेल्या माणसापुढे. "काय करून ठेवलंत हे?" असं विचारलंत, की तो हमखास म्हणणार, "तुम्ही सांगितलं तेच केलं." हळद, खोबरेल तेल, डेटॉल, आत्याने दिलेलं कसलंसं मलम, सगळं लपवणार. त्याऐवजी, "रोज काय काय लावता?" एवढंच विचारा आणि गप्प राहा. कारण कळल्याशिवाय उपाय कसा सांगणार? शेजारी फुगवटी दिसली तर "केलॉइड झालाय", म्हणजे व्रण वाढतच जाणार, असं घाबरवू नका. पुष्कळदा ती दागिना सारखा फिरवल्याने, त्याच कुशीवर झोपल्याने आलेली असते. पू, ताप, पसरत जाणारी लाली असेल तर मात्र डॉक्टरकडे पाठवा. तिथे आपली हुशारी नको.

नकारही देता यायला हवा. बेंबीवर पुरेशी कातडीची घडी नसेल, तर दागिना हळूहळू बाहेर ढकलला जातो. पण "तुमचं पोट तसं नाही" हे कुणाला ऐकवेल? "इथे दागिना टिकणार नाही, कान बघू या का?" म्हटलं की शरीरावर शेरा येत नाही. आणि "टोचायच्या गननेच करा, स्वस्त पडतं" म्हणणाऱ्याशी वाद घालू नका. प्लास्टिकची गन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेच्या दाबाने जंतू मारणाऱ्या यंत्रात, घालता येत नाही, हे सांगून सीलबंद सुई त्याच्यासमोर फोडा.

साखर, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, हे प्रश्न मात्र सोफ्यावर बसलेल्या मैत्रिणींसमोर मोठ्याने विचारू नका. छापील फॉर्म द्या, आतल्या खोलीत भरून घ्या. नमस्कार.