क्षारपड रानात मका: आधी निचरा, मग जिप्सम

मिरज तालुक्यातल्या शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन.

मंडळी, विषय मक्याचा आहे, पण सुरुवात समुद्रापासून करतो. रायगड, रत्नागिरीच्या खाडीकाठी खार जमिनी आहेत. भरतीचं पाणी आत शिरतं, आणि उन्हाळा लागला की खालचं खारं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतं. पाणी उडून जातं, मीठ वर राहतं. तिथला शेतकरी बांध घालतो, बांधाला उघाडी, म्हणजे पाणी एकाच बाजूला सोडणारं झडपेचं दार, ठेवतो. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर पडतं, भरतीचं आत येत नाही. मग अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस वरचा थर धुऊन काढतो आणि खरिपात भात पिकतो. पावसानंतर तिथं मका घ्यायचा तर ओल आहे तोवर पेरायचं आणि पेंढ्याचं आच्छादन करायचं. माती झाकलेली असली की पाणी कमी उडतं, मीठही कमी चढतं.

आपल्याकडं समुद्र नाही. तरी मिरज, वाळवा, पलूसच्या काळ्या रानांत मीठफुटी आहेच. हे मीठ आलं कुठून? हिशेब मांडून बघा. पाण्यात लिटरला अर्धा ग्रॅम क्षार धरू. बऱ्याच विहिरींचं पाणी असं असतं आणि ते प्यायला खारटही लागत नाही. पाटानं भिजवलेल्या उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाणी दिलं, तर एकरात सुमारे चार टन क्षार आपणच नेऊन टाकतो. पीक पाणी पितं, क्षार बहुतेक सगळे मागे ठेवतं. कोकणाला धुऊन देणारा पाऊस आहे. सांगली-मिरजेला 500-600 मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्यात भारी काळी माती. ती भिजली की फुगते आणि पाणी खाली सोडत नाही.

आता मका. ऊस बराच काळ कळ काढतो, मका लवकर सांगून टाकतो. माती पाण्यानं पूर्ण भिजवून तिच्यातून काढलेलं पाणी म्हणजे संपृक्त अर्क; त्यात क्षार जास्त, तेवढी त्यातून वीज जास्त वाहते. या अर्काची विद्युत वाहकता मीटरला 1.7 डेसीसायमनपर्यंत असेल तर मक्याचं नुकसान होत नाही. त्यापुढं दर एक डेसीसायमनला साधारण 12 टक्के उत्पादन घटतं. शास्त्राच्या व्याख्येप्रमाणं जमीन क्षारयुक्त ठरते 4 च्या वर. म्हणजे तिला क्षारयुक्त म्हणायच्या आधीच मक्याचं पाव उत्पादन गेलेलं असतं! एक सावधगिरी घ्या. आपल्या माती परीक्षणाच्या अहवालात बहुधा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी अशा द्रावणाची वाहकता दिलेली असते. तो आकडा संपृक्त अर्कापेक्षा कमी येतो. तो थेट 1.7 शी ताडून ‘आपलं रान चांगलं आहे’ असं समजू नका, प्रयोगशाळेत विचारून घ्या.

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो जिप्समवर, म्हणून त्यावर थोडं थांबतो. जिप्सम मीठ खात नाही. चोपण जमिनीत मातीच्या कणाला सोडियम चिकटलेलं असतं, सामू (पीएच) 8.5 च्या वर गेलेला असतो, पाणी वर साचून राहतं. जिप्सममधलं कॅल्शियम त्या सोडियमला हटवून त्याची जागा घेतं. सुटलेलं सोडियम सल्फेट होऊन पाण्यात विरघळतं. हे पाणी रानाबाहेर गेलं तरच काम झालं. निचरा नसेल तर सोडियम तिथंच राहतं आणि पोत्यांचे पैसे गेले. नुसती क्षारयुक्त जमीन असेल, सामू 8.5 च्या आत आणि सोडियम कमी असेल, तर जिप्समची गरजच नाही, तिला धुवायला गोडं पाणी आणि निचरा पुरतो. 1953 च्या फेब्रुवारीत उत्तर समुद्र बांध फोडून हॉलंडच्या शेतांत शिरला, तेव्हा तिथंही चिकण मातीच्या रानांत जिप्सम वापरलं आणि माती ओली असताना तिच्यात औत घालायचं टाळलं. आपण मात्र वाफसा यायच्या आधी ट्रॅक्टर घालतो. माझ्या मते जिप्सम न टाकण्यापेक्षाही ती चूक मोठी आहे.

धुण्याचं ढोबळ गणित असं: एक फूट खोल मातीतून एक फूट पाणी झिरपून खाली गेलं, तर तिच्यातले जवळपास 80 टक्के क्षार जातात. झिरपून खाली गेलं पाहिजे, वरून वाहून गेलेलं धरायचं नाही. त्यासाठी उघडा चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाईप हवेत. कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र आपल्या जवळ आहे. पाईप किती खोल, किती अंतरावर, हे तिथं विचारून ठरवा. शेजाऱ्याच्या रानातलं अंतर उचलू नका.

चर झाल्यावर पहिल्या पावसावर धैंचा हे हिरवळीचं खत पेरा आणि फुलावर यायच्या सुमारास गाडा. मका रब्बीला घ्या. टोकण कुठं करता, यावर उगवण ठरते. पाणी सरीतून वरंब्यात शिरतं आणि मीठ ढकलत माथ्यावर नेतं. दोन पाण्यांनंतर माथ्यावर पांढरा पट्टा दिसतो, बोटानं खरवडला तर पापुद्रा निघतो. बी तिथं पडलं की कोंब जळतो, कारण मक्याचं रोप पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यात नाजूक असतं. म्हणून बी वरंब्याच्या बगलेला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर टोका. पाणी हलकं आणि वरचेवर द्या. रान कडक वाळू दिलं की मीठ परत वर येतं. सामू जास्त असेल तर जस्त मिळत नाही, कोवळ्या पानांवर शिरेलगत पांढरट पट्टे येतात. झिंक सल्फेट शेणखतात मुरवून द्या.

शेवटचं काम एकट्यानं होणारं नाही. तुमच्या चराचं पाणी खालच्या रानातून जाणार, तिथून ओढ्याला, ओढ्यातून नदीला. मधे एकानं चर बुजवला की वरच्या सगळ्यांचं पाणी तुंबतं. तेव्हा येत्या आठवड्यात गावचा नकाशा काढा, जुने ओढे-नाले कुठून जात होते ते बघा, कोणत्या गटात ते नांगरले गेले ते लिहून ठेवा. त्या गटांच्या मालकांना बरोबर घेऊन बसा. पाईपचे दर मी सांगू शकत नाही, पण पाईपलाईनचा खर्च विचारायच्या आधी ही बैठक झाली पाहिजे. बोलवाल तेव्हा मी येतो.