कूड, कणगी आणि होळीचा टोप

नंदुरबार जिल्ह्यात तळोद्याच्या बाजूनं सातपुड्याचा पायथा धरला की सोमावल, रोझवा, नर्मदानगर लागतात. कागदावर या पुनर्वसन वसाहती. रस्ते काटकोनात, घराला घर लागून. नर्मदाकाठच्या पाड्यांत दोन घरांच्या मध्ये अख्खी टेकडी असायची.

माणसं अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली. भिल आणि पावरा. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, मणिबेली त्यातलं पहिलं. नर्मदेच्या पाणीवाटपावरच्या लवादाचा निवाडा १९७९चा. पुढं पुनर्वसनासाठी तळोद्याची सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन मोकळी झाली. म्हणजे जंगलातल्या माणसांना जागा द्यायला दुसरं जंगल गेलं.

हा खांब बघा. सागाचा, कुऱ्हाडीनं तासलेला. जुनी घरं उकलून लाकूडफाटा ट्रकमधून इथं आणला गेला. खांब आले, पाट्या आल्या, घरटी उखळ-मुसळंही आली असतील. डोंगरउतारावरचा बांबू मात्र ट्रकमध्ये कसा भरणार?

आणि सगळं त्याच्यावरच उभं होतं. घराची भिंत म्हणजे बांबूचा कूड, वरून शेणामातीचा लेप. ज्वारी-मका साठवायची कणगी बांबूची. मोहाची फुलं वेचायची टोपली, सूप, मासे धरायचा पिंजरा, सगळं हातानं विणलेलं. ओला बांबू कोयत्यानं उभा चिरायचा, पेरं तासायची. वरची हिरवी साल चिवट, ती बुडाला आणि काठाला. आतल्या गराच्या पट्ट्या मधल्या भरणीला. विणणारा मोजपट्टी घेत नाही, वीत आणि बोटं पुरतात.

१९२७च्या वन कायद्यात बांबू झाडांत मोजला जायचा. २०१७च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू त्यातून सुटला. तेव्हा शेताच्या बांधावर तो लावून तोडता येतो. पण आजूबाजूला कापूस आणि पपई उभी, माल प्लास्टिकच्या क्रेटमधून जातो. बांबूच्या बेटाला बांध द्यायचा म्हणजे त्याच्या सावलीत पिकाच्या दोन ओळी खुरटणार. हिशेब सोपा नाही.

होळीचं काम मात्र क्रेटनं भागत नाही. कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधून नाचणाऱ्यांच्या डोक्यावर मोरपिसांचा उंच टोप असतो, त्याचा सांगाडा बांबूच्या कामट्यांचा. कामटी ओलीच हवी, वाळलेली वाकवताना तडकते. होळी जवळ आली, की कोयता घेऊन कुणीतरी डोंगराकडे निघतं.