वस्तीतली मारिया

कचऱ्याच्या ढिगाऱ्यातून भंगार वेचणारी एक पोरकी मुलगी श्रीमंतांच्या घरी आश्रयाला येते आणि त्या घरातला लाडावलेला, व्यसनी मुलगा तिच्या प्रेमात पडतो. १९९५ च्या ऑगस्टमध्ये टेलेव्हिसा या मेक्सिकोतल्या दूरचित्रवाणी कंपनीने ‘मारिया ला देल बार्रिओ’, म्हणजे ‘वस्तीतली मारिया’, ही मालिका दाखवायला सुरुवात केली, तेव्हा यातले काहीच मेक्सिकोच्या प्रेक्षकांना नवे नव्हते. क्युबन लेखिका इनेस रोदेना यांची हीच कथा त्यांनी १९७९ मध्ये ‘श्रीमंतही रडतात’ या अर्थाच्या नावाने पाहिली होती. तेव्हाची नायिका वेरोनिका कास्त्रो, आताची थालिया. सोव्हिएत संघ मोडत असताना, १९९१ च्या अखेरीस, ती जुनी मालिका रशियातही घरोघरी पोहोचली.

ठाऊक असलेली गोष्ट माणसे पुन्हा का पाहतात? मला वाटते, ठाऊक असते म्हणूनच. भ्रमिष्ट अवस्थेत नायिका आपले तान्हे मूल एका अनोळखी बाईच्या ओटीत टाकते आणि पुढे वर्षानुवर्षे त्याला शोधत राहते. मुलगा सापडतो, पण तोवर तो तरुण झालेला असतो, आणि तिच्या जिव्हाळ्याचा नवऱ्याला संशय येऊ लागतो. तो मुलगा कोण, हे प्रेक्षकाला माहीत असते, नवऱ्याला नसते. त्या अंतरातच जीव टांगणीला लागतो. शिवाय ही मालिका संपते, हे आपल्याकडच्या प्रेक्षकाला मुद्दाम सांगायला हवे: काही महिन्यांत सगळ्या गाठी सुटतात.

मेक्सिकोत अशा मालिकांच्या चित्रीकरणात कलाकारांच्या कानात एक बारीकसे यंत्र बसवण्याची पद्धत रुळली. आडोशाला बसलेला माणूस त्यातून संवाद पुरवतो, त्यामुळे पाठांतरात वेळ न घालवता रोजचे भाग झपाट्याने पूर्ण होतात.

तरीही इतक्या वर्षांनंतर लोकांच्या तोंडी आहे ती खलनायिका सोराया. इताती कांतोराल या अभिनेत्रीने रंगवलेली ही सोराया उंचावरून कोसळून मेली असे सगळे धरून चालतात, आणि ती परत येते. एका प्रसंगात ती दार उघडते. समोर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या आलिसियाचे, म्हणजे तिच्या सावत्र मुलीचे, चुंबन घेणारा नांदितो, मारियाचा तो हरवलेला मुलगा. डोळे विस्फारून सोराया किंचाळते, त्याला बाजूला ढकलते आणि आलिसियाला ‘नतद्रष्ट पांगळी’ म्हणून हाणत सुटते. मालिका संपली तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी मुले आज ही तेवढीच किंकाळी मोबाइलवर एकमेकांना धाडून हसतात.